गायीच्या पलीकडची जागा

शालन,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. तुझ्या दादाने पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरकला, तोच माडावरून एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेलासुद्धा. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी वैनी डोळे पुसत म्हणाली, "काय्येक मागे ठेवूक नाय आमच्या शालनान." बायका माना हलवू लागल्या. खरं सांगू, मला राग आला. एवढ्या चटकन? माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यात टाकून गेलीस, त्याचं काहीच नाही? कावळ्याने जरा ताटकळत ठेवलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, हिचं काय राहिलंय म्हणून. मग मी पुढे होऊन सांगितलं असतं की शेवंतीकाकीची गाय राहिली आहे.

कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारच्या बाईने एवढंच विचारलं, "तुमी तेंच्या कोण?" मी म्हटलं, "आम्ही एकत्र काम करायचो." "म्हंजे हापिसातल्या," असं म्हणून ती पुढे सरकली. तिचं काही चुकलं नाही. तुझं सुतक ज्यांना लागतं ती माणसं वेगळी. आपल्या नात्याला रजा मिळत नाही, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले आणि जखम कशी धुवायची ते शिकवलं.

हापिसातल्या. त्या बाईला आपलं हापीस एकदा दाखवायला हवं होतं. शेणाने निसरडा झालेला गोठा, लाकडी खोड्यात उभी केलेली गाय, तिच्या एका अंगाला तू, दुसऱ्या अंगाला मी, आणि मागे खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवून घामाघूम झालेलं एखादं पोर. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतील अशी मुलं आपण तयार करायचो. पुस्तकातलं कुडाळच्या वर्गात व्हायचं. बाकी सगळं, म्हणजे सुई टोचण्यापासून व्याल्यावर अडकलेली वार काढण्यापर्यंत, मालवणच्या वाटेवरच्या गोठ्यांत. त्यातही खरी कसोटी गाभण तपासणीची. गायीच्या मागून हात आत घालायचा आणि आतड्याच्या पडद्याआडून गर्भाशय चाचपून सांगायचं, गाभण की खाली, म्हणजे रिकामी. यात शिकवणाऱ्याची पंचाईत अशी की पोराच्या बोटांना काय लागतंय ते बाहेरून दिसत नाही. सुई चुकीची धरली तर मनगट धरून सुधारता येतं. इथे त्याचा हात गायीत आणि आपण बाहेर.

मी घाटावरून नवीनच आले होते. एका मुलाने हात बाहेर काढला, "गाभण" म्हणाला, आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारून "बरोबर" म्हटलं. तू गायीच्या पलीकडून माझ्याकडे असं पाहिलंस की मीच काही भलतं बोलले की काय असं वाटलं. नंतर विहिरीवर हात धुताना म्हणालीस, "बरोबर म्हटलंस काय पोराचो हात थयच थांबता. चूक म्हटलंस तर फुडच्या खेपेक तो गायीकडे बघणा नाय, तुझ्या तोंडाकडे बघता."

"मग सांगायचं कधी?"

"आपण सांगायचाच नाय. गाय सांगतली."

मला तो दुष्टपणा वाटला. पण तुझी पद्धत ठरलेली होती. आधी आपण दोघींनी तपासायचं, अवाक्षर न काढता. मग पोरांनी. एका गायीला दोघांहून जास्त पोरांनी हात लावायचा नाही, ती काही सार्वजनिक नळ नव्हे, हे तुझंच म्हणणं. ज्याला जे वाटलं ते त्याने येऊन कानात सांगायचं. आपण हूं की चूं करायचं नाही. मालकाला काय ते बाजूला नेऊन सांगायचं. पोरांना उत्तर द्यायचं ते गायीने: ती पुन्हा माजावर आली तर खाली होती, व्याली तर गाभण होती. मी म्हटलं, "अगं, गाय विईपर्यंत ही मुलं कुठल्या कुठे नोकरीला लागतील." तू म्हणालीस, "लागांदेत. गाय थयच आसा."

या एका गोष्टीवरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, शिकणाऱ्याला धीर लागतो. तू म्हणायचीस, धीर दे, उत्तर देऊ नको. मी म्हणायचे, उत्तरातूनच धीर येतो. तू म्हणायचीस, "मरांदे. तुका मास्तरीण व्हयाचा आसा, माका तेंचे हात तयार करूचे आसत." मग मी दिवसभर अबोला धरायचे आणि संध्याकाळी तुझ्याच स्कूटरवर मागे बसून घरी यायचे, कारण दुसरी सोय नव्हती.

तोंड कोरं ठेवणं मला कधी जमलं नाही. तू तपासणी चालू असताना छपराच्या वाशांकडे बघत उभी राहायचीस, जणू तुझा या गोठ्याशी संबंधच नाही. तरी पोरांनी शोध लावलाच की मोठ्या बाईंनी नाक खाजवलं की गाय गाभण असते. हा शोध बॅचमागून बॅच चालत आला. तुला तो कळला त्या दिवशी तू प्रत्येक जनावरापाशी नाक खाजवलंस, आणि त्या दिवशी जगातल्या सगळ्या गायी गाभण निघाल्या. मी हसू आवरायला गोठ्याबाहेर गेले होते.

पोरांना कधी दिसली नाही ती आपली खूण. दोघींचं तपासून झालं की तू गायीच्या पाठीवरून माझ्याकडे बघायचीस. एकदा डोळे मिटलेस तर गाभण. नजर खाली टाकलीस तर खाली. मीही तेच करायचे. बहुतेक वेळा जुळायचं. आपण शब्द न वापरता एकमेकींना विचारायचो, तुलाही तेच लागलं ना? आणि पलीकडून उत्तर यायचं. मला वाटतं, एवढ्यासाठीच मी या कामात टिकले. आतला अंधार आपल्यासारखाच आणखी एका माणसाने चाचपलेला आहे, ही भावना मला दुसऱ्या कुठल्याच नात्यात मिळाली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू "गजाली नको मारू" म्हणाली असतीस.

आणि तुझे ते फोन. मुलं गेलेली असायची नांदेडला, गोंदियाला, कुठे कुठे. तू इथल्या गायींचा हिशेब डोक्यात ठेवायचीस आणि एखाद्या सकाळी त्यांना गाठायचीस. "काय रे, वळाखलंस? पिंगुळीची ती तांबडी गाय आठवता? पाडी झाली तिका काल. तू तेवा काय म्हटलंस?" मग कुणी ओरडायचं, "बाई, मी गाभण म्हटलं होतं." कुणी कबूल करायचं की चुकलो होतो. एक मुलगा तर स्वतःच्या लग्नाच्या मांडवातून बोलला होता, त्याला बोहल्यावर जायची घाई होती आणि तुला म्हशीचं सांगायची. उशिरा मिळालेलं उत्तर माणूस विसरत नाही, असं तुझं म्हणणं. त्या बाबतीत तू जिंकलीस, हे आता सांगते. तू गेल्याची बातमी पसरल्यावर मला जेवढे फोन आले त्यात प्रत्येकाने आपापलं जनावर सांगितलं. तुझ्याविषयी बोलायला सुरुवात करायचे आणि तांबड्या गायीवर यायचे.

वर्गात शिकवायला संस्थेकडे रबरी गाय नव्हती. मी ती मागवण्यासाठी अर्ज करत राहिले आणि तू तुझी पिशवी शिवलीस. जाड खादीची, तोंडाला नाडी. आत ओला काथ्या, आणि त्यात सुपाऱ्या, फणसाच्या आठळ्या, कोकमाच्या बिया, पाणी भरलेले फुगे. सुपाऱ्या खास, कारण गाभण गायीच्या गर्भाशयात वारेच्या गाठी बोटांना तशाच लागतात. पोराने डोळे मिटून हात घालायचा आणि बोटाला काय लागलं ते सांगायचं. सुपारी आणि आठळी यांतला फरक कळेपर्यंत त्याला गायीपाशी मज्जाव. मी त्या पिशवीची टर उडवायचे, जादूगाराची पिशवी म्हणायचे. तू म्हणायचीस, "तुझी रबरी गाय येतली तेवा माका सांग, तिका वैरण घालूक येतंय."

त्याच पिशवीने मला सांगितलं.

गोव्याच्या इस्पितळात तुझ्या केमोच्या फेऱ्या सुरू होऊन काही महिने झाले होते. केस गेले, त्याची तू फिकीर केली नाहीस. टोपी घालून हिंडायचीस आणि पोरांना सांगायचीस की उवा झाल्या होत्या. पण त्याच औषधाने बोटं बधिर व्हायला लागली, ते तू लपवलंस. ब्लाउजची हुकं वैनी लावून द्यायची. तव्यावर बोट भाजलं ते तुला वास आल्यावर कळलं. हे सगळं वैनीने मला नंतर सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तू प्रात्यक्षिकाच्या खोलीत एकटी बसली होतीस. पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले, हात आत. काहीतरी बाहेर काढलंस, न बघता "सुपारी" म्हणालीस, आणि डोळे उघडलेस. हातात आठळी होती. तू ती परत टाकलीस आणि पुन्हा हात घातलास. मी पावलं न वाजवता मागे फिरले. तुझं वाट पाहणं मला ठाऊक होतं, तुझं हरणं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर शेवंतीकाकीची गाय. काकी एकटी, गुडघे धरलेले, दोन जनावरं. तिने आधीच सांगितलं होतं, "खाली आसली तर भावाकडे धाडतंय खारेपाटणाक. माका आता दोघांची वैरण जमणा नाय." रेतन करून दीडेक महिना झाला होता. एवढ्या लवकर सांगणं जोखमीचं, म्हणून पोरांना आपण लांब उभं केलं होतं. आधी मी तपासलं. मला गर्भाशयाच्या दोन्ही बाजू सारख्या लागल्या, एकही फुगलेली नाही, बोटांतून गर्भाची पिशवी सरकली नाही. मी खाली धरली. मग तू. तू नेहमीपेक्षा जास्त वेळ हात आत ठेवलास. कपाळावर घाम, टोपी एका बाजूला सरकलेली. मग हात काढलास, तुझ्या जागेवर गेलीस, गायीच्या पाठीवरून माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटलेस.

मी नजर खाली टाकली.

आधीही आपलं कधी कधी जुळलं नव्हतं. पण आधी कधी तू पुन्हा विचारलं नव्हतंस. त्या दिवशी तू तिथेच उभी राहिलीस आणि पुन्हा डोळे मिटलेस, सावकाश, मी पहिल्यांदा पाहिलं नसावं अशा बेताने. मी पुन्हा नजर खाली टाकली. दुसरं काय करणार होते? माझ्या हाताला जे लागलं नाही ते लागलं म्हणायचं, हे तर तूच मला खपवून घेतलं नसतंस.

काकीला मागच्या पडवीत नेऊन आपण दोघींनी आपापलं सांगितलं. ती बिचारी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या बाई सांगतत तर रवांदे. ठेवतंय." मी जरा फणकाऱ्याने विचारलं, "आणि मी सांगितलं ते?" काकी म्हणाली, "तुमी राग धरू नका, बाई. माका ती गाभण व्हयी, म्हणान." तू हसलीस. मीही हसले.

परतताना तू स्कूटर हळू चालवत होतीस. काजूच्या बागा मागे पडल्यावर, मान न वळवता विचारलंस, "काय गो, माझो हात गेलो काय?"

मी म्हटलं, "गाय सांगेल."

तू केवढ्याने हसलीस. स्कूटर लटपटली. "माझाच माका परत देतंस, घाटणी," म्हणालीस. त्यानंतर कुडाळ येईपर्यंत काही बोलली नाहीस. त्या न बोलण्याचा अर्थ मी अजून लावते आहे. तू दमली होतीस, की माझ्या उत्तरात तुला हो ऐकू आलं? मला खरंच ठाऊक नव्हतं, शालन. हात गेला असेल असं मला वाटत होतं आणि गेला नसावा असं मी मनापासून इच्छित होते. पुढच्या प्रात्यक्षिकाला तू आली नाहीस. त्याच्या पुढच्यालाही नाही. तुझा तो शेवटचा गोठा ठरला.

मधे मी काकीकडे पुन्हा तपासायला जाऊ शकले असते. गेले नाही. वाट वाकडी करून जायचे, म्हणजे गाय दिसायला नको. गाय खाली निघाली असती तर तुला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. काकी फोनवर म्हणायची, गाय अजून माजावर आलेली नाही. पण तिच्या गायीचा माज मुका, ना हंबरणं ना काही, हे आपल्या दोघींना पहिल्यापासून माहीत होतं.

शेवटचं भेटले तेव्हा तू इस्पितळातून घरी आली होतीस. पडवीत खाट टाकली होती, समोर वैनीने वाळत घातलेले सोडे. मला जवळ बसवून पहिलाच प्रश्न, "शेवंतीची गाय गरमावली?"

"नाही अजून."

"मुको माज आसतलो. तिचो पयल्यापासून मुकोच."

म्हणजे तू माझी बाजू घेत होतीस. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मुका माज कसला, गाभणच आहे ती. तू सांगितलंस ना."

तू माझ्याकडे पाहिलंस. तेच पाहणं, पहिल्या दिवसाचं, गायीच्या पलीकडचं. "माका बरा वाटूक सांगतंस," म्हणालीस. "पोरांका पण असाच सांगतंस तू. म्हणान तेंचे हात थांबतत."

मग माझा हात हातात घेतलास. धरला असावास, तुला तो लागत होता की नाही, कोण जाणे. मी तुला म्हणायला हवं होतं की तुझ्यामुळे मी या मुलखाची झाले. की तू आम्हां घाटावरच्यांना मासे खायला शिकवलंस, काटे काढून दिलेस, आणि माझ्या मालवणीला "म्हशींक कळता, माणसांक कळूक येळ आसा" म्हणत रोज सुधारलंस. की रविवारी तुझ्या घरी जेवायला यायचं नसेल तर मी त्या दिवशी काय करायचं ते मला माहीत नाही. यांतलं काही म्हटलं नाही. मी म्हटलं, "भांडू नको, दमशील." तू म्हणालीस, "भांडणार कोणाकडे मगे?"

ते तू स्वतःविषयी म्हणालीस असं मला वाटलं होतं. आता कळतं, प्रश्न माझा होता. मी आता कोणाशी भांडू? नवीन आलेले सर भले आहेत. मी काही म्हटलं की "बरोबर आहे मॅडम" म्हणतात. आठवड्याच्या बाजारात मी एकटी जाते, आणि परक्यांच्या शेळ्यांचे दात बघायला थांबणारं कुणी नसल्यामुळे अर्ध्या तासात परत येते. रविवार मोठा असतो. वैनी ये म्हणते, मनापासून म्हणते, पण मी गेले की तिला तू आठवतेस आणि मला ती खाट दिसते. तेव्हा मी खोलीवर भात टाकते आणि एकटीपुरता बांगडा तळते. काटे माझे मलाच काढता येतात आता.

तुझी पिशवी वैनीने माझ्याकडे दिली. काथ्या वाळून गेला होता. मी तो पुन्हा भिजवला. अर्ज मंजूर होऊन रबरी गाय यायची आहे म्हणतात. येईल तेव्हा येईल. या बॅचला मी पुन्हा पिशवीवरच बसवलं.

परवा काकीचा फोन आला. उन्हाने वैरण संपत आली होती आणि भाऊ टेम्पो घेऊन येतो म्हणत होता. "एकदा नीट बघून सांगा, बाई. ठेवू काय धाडू?" आता टाळता येणार नव्हतं. मी मुलांना घेऊन गेले.

गोठ्यात काजूच्या बोंडूंचा आंबूस वास होता, काकी काजू सोलता सोलता उठून आली होती. गायीला खोड्यात घेतलं. मी हातमोजा चढवला, तेल लावलं, तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून, तू शिकवल्याप्रमाणे, आधी तिला सांगितलं की मी हात घालते आहे. आणि घातला. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. मला वाटलं, झालं. मग गर्भाशय सापडलं; ते जड होऊन खाली उतरलं होतं, पोटाच्या कडेवरून पुढे ओघळलेलं, म्हणून वेळ लागला. मी बोटं पुढे नेली. सुपाऱ्या. भिंतीला चिकटलेल्या, एकीशेजारी एक, तुझ्या पिशवीतल्यासारख्या. आणि गाभण गायीतच लागणारी कडेच्या शिरेची ती थरथर, जी चुकूच शकत नाही.

मी मान वर केली आणि गायीच्या पाठीवरून पलीकडे बघून डोळे मिटले.

उघडले तेव्हा तिथे गव्हाणीचा बांबू होता आणि त्यावर काकीचं वाळत घातलेलं लुगडं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पटकन छपराच्या वाशांकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तोंड कोरं ठेवता आलं, ते डोळे भरले होते म्हणून. वर बघितलं की सांडत नाहीत. तू वाशांकडे का बघायचीस, हेही तुला विचारायचं राहिलं.

मग अंकिता पुढे झाली. तू तिला ओळखतेस, तू असताना पिशवीत हात घालायला घाबरून रडलेली ती काडीसारखी मुलगी. तिने बराच वेळ घेतला. हात काढून माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली, "बाई, सुपारी लागली. आठळी नाय, सुपारीच." माझ्या ओठांवर "बरोबर" आलं होतं. शालन, शपथ, आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "गाय सांगतली." ती गाय विईल तेव्हा अंकिता कुठे असेल, माहीत नाही. मी फोन करीन. तिला, आणि तुझ्या डोक्यात ज्यांच्या गायी राहिल्या त्या सगळ्यांना, जेवढ्या मला आठवतील तेवढ्यांना.

आता तुझ्याशी भांडण आहेच. तुझ्या त्या बधिर बोटांना तेव्हा काही लागलं होतं, की तू गायीच्या अंगावरची तकाकी बघून, तिच्या उभं राहण्यावरून ताडलंस आणि हाताचं नाव केलंस? मला दुसरं वाटतं. तू "हातच तो" म्हणाली असतीस. मी म्हटलं असतं, मग पिशवीतली आठळी का ओळखली नाहीस? तेव्हा तुला कळलं असतं की मी दारात उभी होते, आणि आपलं चांगलंच वाजलं असतं. हे भांडण मी सोडलेलं नाही. पण तू सांगितलंस ते खरं निघालं, एवढ्यावर वाद नाही.

काकीला मागच्या पडवीत नेऊन सांगितलं. तिने गायीच्या दिशेने हात जोडले, भावाला येऊ नको म्हणून सांगायला मला फोन लावून द्यायला लावलं. मग पदराने तोंड पुसत, अगदी सहज म्हणाली, "आता पयला मोठ्या बाईंका सांगा." म्हणाली आणि थांबली. जीभ चावली. मला म्हणाली, "बसा, च्याय ठेवतंय."

मी बसले नाही. मुलांना घेऊन निघाले. पण काकीचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून घरी येऊन हे लिहायला घेतलं. तुझ्या नियमाने गाय विईपर्यंत थांबायला हवं. तेवढी वाट मला बघवत नाही, आणि तूही आता तिथे नाक खाजवत वाट बघत उभं राहावंस असं वाटत नाही. तू स्कूटरवर विचारलं होतंस, त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. ते देते, तुझ्याच बोलीत, चुकलं तर सुधारून घे.

गाय गाभण आसा, शालन. तुझो हात खंय जाऊक नाय.